बिनविरोध

"मी जिल्हाध्यक्षपदाला उभी राहतेय," असं सिद्धीनं जेवता जेवता सांगितलं आणि माझ्या घशात कडक भाकरीचा तुकडा अडकला. आमच्या घराण्यात निवडणूक हरण्याचा मान तोवर एकट्या माझ्याकडे होता. ऑफिसच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत मी पडलो तेव्हा ज्यांनी मला पाडलं त्यांनी माझे पेढे आदल्या दिवशीच खाल्लेले होते. तो विषय आमच्याकडे निघत नाही. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, "कुठल्या पक्षाकडून?"

"पक्ष नाही हो पप्पा. युवा वाणिज्य परिषद. कॉलेजची असते."

ही परिषद म्हणजे कॉमर्सच्या मुलामुलींची संघटना. जिल्ह्यातल्या बऱ्याच कॉलेजांत तिच्या शाखा आहेत. त्यातली मुलं काळे कोट घालतात, एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं देतात आणि अजून न काढलेल्या धंद्याची पुढच्या काही वर्षांची भरभराट पडद्यावर दाखवतात. सोलापूरच्या उन्हात काळा कोट घालून हसतमुख राहणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. मी स्वतः एका निमसरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि लग्नानंतर कोट अंगाला लावलेला नाही. जिल्हाध्यक्ष झालं की सुट्टीत पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत ट्रेनिंग मिळतं, राहणं-खाणं त्यांचंच, आणि पोरगं चमकलं तर तिथंच पुढं चिकटतं, असं सिद्धीनं सांगितलं. एवढं ऐकून मी आणखी एक भाकरी घेतली.

"तुझ्या विरोधात कोण आहे?"

"रेश्मा."

आता ही रेश्मा आम्हाला परकी नव्हती. नातेपुत्याची पोरगी, हॉस्टेलवर राहायची. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी, म्हणून ती आमच्याकडे जेवायला यायची आणि शेंगाची चटणी भाकरीपेक्षा जास्त खायची. अर्ज भरल्यापासून तर दोघी रोजच गच्चीवर भेटू लागल्या. एकीनं भाषण करायचं, दुसरीनं मोबाईलवर वेळ लावायची आणि मग चुका काढायच्या. "इथं तू खाली बघतेस," असं ही तिला सांगणार. "तुझा शेवट पडतोय," असं ती हिला सांगणार. सख्ख्या प्रतिस्पर्ध्याला घरात घेऊन, वर चहा पाजून, स्वतःचं भाषण आधीच ऐकवायचं, हा प्रकार मला बघवेना. मी सिद्धीला बाजूला घेऊन तसं म्हणालोही.

"पप्पा, मला तिला हरवायचंच आहे," ती म्हणाली. "पण ती चांगली बोलली पाहिजे आणि मी तिच्यापेक्षा चांगली बोलले पाहिजे. नाहीतर काय मजा?"

मजा. निवडणुकीला मजा म्हणणारी पिढी. झोपाळ्यावर बसून स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकण्याची माझी सवय जुनी आहे. सिद्धी आईला सांगत होती की रेश्माच्या वडिलांनी तिला बी.कॉम.पर्यंतच शिकू देणार म्हणून बजावलंय. त्यानंतर लग्न. पुण्याचं ट्रेनिंग हातात पडलं तर घरी तोंड उघडायला तिला काहीतरी आधार होईल. "ती जीव तोडून लढणार आई. मी पण सोडणार नाहीये, तिनंच सांगितलंय सोडू नको म्हणून." यावर सिद्धीची आई कोथिंबीर निवडायची थांबली. मी मात्र यातून घ्यायचा तो बोध घेतला. जिची पाठ भिंतीला लागलीय, अशी उमेदवार फार धोक्याची असते.

इथं माझ्याकडून एक गोष्ट घडून गेली होती, तीही सांगायला हवी. मी ऑफिसात बोललो होतो. साहेबांना म्हणालो, मुलगी जिल्ह्याची अध्यक्ष होतेय. 'होऊ पाहतेय' असं म्हणायला हवं होतं, पण साहेबांसमोर लांब क्रियापदं मला सुचत नाहीत. साहेबांनी हात मिळवला, शिपायानं चहा आणला आणि ज्यांनी पतसंस्थेत मला पाडलं होतं ते शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "पेढे कधी?" त्या दोन शब्दांनी माझी झोप गेली. पोरगी हरली तर ऑफिसातल्या त्या टेबलाकडे मी कुठल्या तोंडानं बघायचं, याचा विचार त्या लोकांनी करायला नको होता का?

पाणी सुटण्याच्या दिवशी आमची कॉलनी पहाटेच पाईप घेऊन बाहेर असते. सोलापूरकराचं निम्मं सामाजिक जीवन नळाला पाणी असताना उरकतं. शेजारचे कुंडलिक आण्णा बनियनवर उभे राहून टाकी भरत होते. आण्णा श्रीपूरच्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले. काम शेतकी खात्यात, पण खरा जीव संचालक मंडळाच्या निवडणुकीत. त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोला, ते कारखान्याच्या मतदार यादीवर येऊन थांबतात. मी आपलं सहज म्हणून त्यांना सिद्धीचं सांगितलं.

आण्णांनी पाईप हौदात सोडला आणि भिंतीजवळ आले. "उमेदवार किती हायत?"

"दोघीच."

"मग मतदान कशाला करताय?"

मला कळेना. म्हटलं, "दोघी आहेत म्हणूनच मतदान आहे."

"घाडगे साहेब, मतदान झालं म्हंजी आपलं काम फसलं म्हणायचं," आण्णा म्हणाले. "आमी बोर्डच्या बोर्ड बिनविरोध काढल्यालं हाय. नारळ घ्याचा आन् समोरच्याच्या दारात जायाचं. दारात आल्याल्या मानसाला न्हाय म्हनायची आपल्याकडं पद्धत न्हाय. माघार घिऊनच उठायचं. बिनविरोध निवडीला लई मान असतो की. हरल्याचं दुख न्हाय, जितल्याचा माज न्हाय."

"सिद्धीला विचारायला लागेल."

आण्णांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "उमेदवाराला कदी इचारत असत्यात व्हय?"

हे वाक्य मला पटलं, हे मी लपवत नाही. एवढी वर्षं सरकारी कागद हाताळल्यावर माणसाला समजतं की ज्याचं काम असतं त्याला सगळ्यात शेवटी कळवायचं असतं. शिवाय त्या पोरीचंही नुकसान नव्हतं. हरून रडण्यापेक्षा माघार घेऊन उपाध्यक्ष झाली तर वाईट काय, असा मी विचार केला. मी नेहमी दोन्ही बाजूंचा विचार करतो.

आण्णांनी नातेपुत्यातल्या त्यांच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि सयाजीरावांकडे, म्हणजे रेश्माच्या वडिलांकडे, निरोप दिला की रविवारी सोलापूरचे पाहुणे येतायत, पोरगीही घरी असू द्या. काम काय ते सांगितलं नाही. "कामाचं फोनवर बोलायचं नसतंय. समोरचा सावध हुतो," आण्णा मला म्हणाले. आणि पोरगी समोर असली की तिच्याच तोंडून माघार वदवून घेता येते, नंतर ती फिरत नाही, असंही त्यांनी समजावलं. बारकावे होते त्यांच्याकडे.

रविवारी सिद्धी म्हणाली, "रेश्मा आज येणार नाही. तिला अचानक घरी बोलावलंय." मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

आण्णांच्या भाच्याची जीप दारात आली तर पुढच्या सीटवर आण्णांची बायको मायाक्का बसलेली. अंगावर जरीचं लुगडं. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, साडी, खण, पेढ्याचा पुडा आणि हळदीकुंकवाच्या पुड्या. मी आण्णांकडे बघितलं.

"पोरीच्या घरी जायाचं म्हंजी संगट बाईमानूस पायजे," आण्णा म्हणाले. "रिकाम्या हातानं मागणं मागायचं नसतंय."

मला ही तयारी बघून धीर आला. अनुभवी माणूस वेगळाच असतो असं मनात म्हणत मी मागं बसलो. सिद्धीच्या आईला मी ऑफिसच्या कामाचं सांगितलं होतं. रविवारी ऑफिसचं काम ऐकून तिनं भुवई उचलली. पंढरपूर, वेळापूर, माळशिरस असं करत आम्ही नातेपुत्यात शिरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.

सयाजीरावांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान बाजारात आणि मागं घर. दारात सडा-रांगोळी होती. एका मध्यमवर्गीय वरिष्ठ लिपिकाच्या आयुष्यात असा मान क्वचित येतो, म्हणून मी जरा सावकाश उतरलो. मांडव नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. ओसरीवर सतरंज्या, वर धुतलेल्या चादरी, गल्लीतली टोपीवाली पाच-पंचवीस माणसं आधीच येऊन बसलेली. खिडक्यांत बायका. सयाजीरावांनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं आणि मला तक्क्याला टेकवलं. आण्णा माझ्या कानात म्हणाले, "बगा. ह्याला म्हनत्यात वजन."

पोहे आले, लाडू आले. गल्लीतली माणसं एकेक प्रश्न विचारू लागली. मूळ गाव कुठलं, आडनावात कुठले घाडगे, सोलापुरात घर स्वतःचं का भाड्याचं, नोकरीला अजून किती राहिलंय. मी मोकळेपणानं उत्तरं देत होतो. प्रतिस्पर्धी पक्ष चौकशी करतोय, तर आपण पारदर्शक असावं, असं माझं धोरण. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जेवणात मटान चालतं न्हवं?" तेव्हा मात्र युवा वाणिज्य परिषदेचा आणि मटणाचा संबंध मला लागेना. तरी मी चालतं म्हणालो. सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या.

मग आतल्या दारातून रेश्मा आली. गुलाबी साडी, डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे. नजर खाली. तिच्या मागं तिची चुलती गोजरबाई, पोरीच्या दंडाला धरून. माझ्यासमोर ट्रे धरताना रेश्मानं वर बघितलं.

"काका? तुम्ही?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चहाच्या ट्रेमधल्या कपांवर आणि मायाक्काच्या मांडीवरच्या नारळावर माझी नजर एकाच वेळी गेली. आण्णांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लाडू परत बशीत ठेवला. या क्षणी उठून हात जोडायला हवे होते. पण एवढ्या टोप्यांसमोर उठून काय सांगायचं? मी ज्यासाठी आलो होतो तेच सांगितलं. ऑफिसात कागद चुकीच्या टेबलावर गेला तरी मजकूर तोच वाचायचा असतो.

"सयाजीराव," मी म्हणालो, "आम्ही वेगळ्याच कामासाठी आलोय. कॉलेजात एक छोटी निवडणूक आहे. तुमची रेश्मा आणि आमची सिद्धी, दोघी उभ्या आहेत. रेश्मानं माघार घ्यावी, अशी आमची विनंती आहे."

खिडकीतल्या बायका आणखी पुढं आल्या. सयाजीरावांच्या तोंडावरचा रंग गेला तो मी बघितला. त्या माणसानं सकाळपासून गल्ली गोळा केली होती, भट्टीतून लाडू आणले होते, आणि आता सगळ्या गल्लीसमोर त्याला कळत होतं की पाहुणे पोरीला बघायला आलेलेच नाहीत. तो बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिला.

"एवढंच ना," तो शेवटी म्हणाला. "दिली माघार. दारात आलाय तुमी."

"पप्पा, मी नाही घेणार माघार," रेश्मा म्हणाली. ट्रे अजून तिच्या हातातच होता. "अर्ज माझा आहे."

"पावण्यांम्होरं बोलायचं न्हाय." सयाजीराव तिच्याकडं न बघता म्हणाले. गोजरबाईनं तिला आत नेलं. आतून काही आवाज आला नाही. मला निदान रडण्याचा तरी आवाज येईल असं वाटलं होतं.

निघताना मायाक्कानं सयाजीरावांच्या बायकोची ओटी भरली, साडी दिली, नारळ दिला. "आणल्यालं परत न्याचं नसतंय," असं तिचं म्हणणं. सयाजीरावांनीही ते सगळ्या गल्लीच्या देखत घेतलं, कारण न घ्यावं तर आणखी बभ्रा. जीपमध्ये, माळशिरस मागं पडल्यावर आण्णा म्हणाले, "पर माघार मिळाली की."

माघार तोंडी मिळून भागत नव्हतं. परिषदेचं सगळं कामकाज ऑनलाईन. उमेदवारानं स्वतःच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय अर्ज मागं निघत नाही, असा नियम. मी सोमवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलो. आण्णा माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि साहेबांच्या परवानगीशिवाय पंखा वाढवला. सयाजीरावांना फोन लावला. रेश्माचा मोबाईल आता त्यांच्याकडेच होता, दुकानाच्या गल्ल्यावर.

"आला का ओटीपी?"

"आला. थांबा, चष्मा... सात, एक... पेंड कुनाची ती? बाजूला ठिवा... घाडगे साहेब, कुटपतुर आलो हुतो?"

तोवर वेळ संपली. पुन्हा मागवला. यावेळी आकडे बरोबर सांगितले, तर इकडं वेबसाईट गोल गोल फिरत राहिली. हेल्पलाईनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि फोन ठेवला. मी एका पोराला काळ्या कोटातल्या मंडळींचा नंबर शोधायला लावला, त्यानं दुसराच नंबर दिला, तिथं माणूस म्हणाला की हे तर गॅस एजन्सीचं ऑफिस आहे. आण्णा म्हणाले, आमच्या वेळी उमेदवाराला उचलून गाडीत घालायचो आणि सही घ्यायचो, काम पाच मिनिटांत. दुपारी कधीतरी ते चक्र थांबलं. 'आपण खरोखर माघार घेऊ इच्छिता का?' असं पडद्यावर आलं. खाली 'होय' आणि 'नाही'.

मी 'होय'वर क्लिक केलं. त्या वेळी मला फक्त काम झाल्याचं बरं वाटलं.

निवडणुकीच्या दिवशी सभागृहाबाहेर फ्लेक्स लागला. 'बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन'. वर सिद्धीचा कोटातला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून कुंडलिक आण्णांचा, जो सिद्धीपेक्षा मोठा होता. सिद्धीला माघारीचं कळलं ते तो फ्लेक्स वाचूनच. हलगीवाले दारात. मी ऑफिसातल्या त्या टेबलावरच्या मंडळींनाही मुद्दाम बोलावलं होतं. बार्शीहून एसटीनं पोरं भाषणं ऐकायला आणि मतं द्यायला आली होती, त्यांना सांगण्यात आलं की मतदान नाही, जेवण आहे. परिषदेचे सल्लागार हत्तुरे सर माईकवर आले आणि म्हणाले की दुसऱ्या उमेदवारानं स्वेच्छेनं माघार घेतल्यामुळं कुमारी सिद्धेश्वरी घाडगे बिनविरोध जिल्हाध्यक्ष झाल्या आहेत. बिनविरोध असल्यामुळं भाषणाचा कार्यक्रम वेळेअभावी रद्द. हलगी वाजली. मी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

सिद्धी मंचावर गेली नाही. ती कोपऱ्यात उभी राहून मोबाईलवर नंबर लावत होती. गेले काही दिवस रेश्माचा फोन बंद येत होता, ती हॉस्टेलवर परतली नव्हती, आणि ती आजारी असेल असं आम्ही, म्हणजे मी, सिद्धीला सांगितलं होतं. आज फोन लागला. सयाजीरावांनीच उचलला. सिद्धी "हो", "कधी?", "कोण?" एवढंच बोलली आणि मग माझ्याकडे आली. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"पप्पा, तुम्ही त्यांच्या घरी गेला होता? नारळ घेऊन?"

"आण्णा होते सोबत."

"तिचा फॉर्म मागं कुणी घेतला?"

"तिच्या वडिलांनी संमती दिली. मी नुसते आकडे टाकले."

ऑफिसातली मंडळी जवळच होती आणि ऐकत होती. ती ऐकत होती याचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

"मला एकही मत पडलेलं नाहीये पप्पा," सिद्धी म्हणाली. "माझं भाषण कुणी ऐकलं नाही. मी जिंकले असते की हरले असते, हे आता मला कधीच कळणार नाही." मग तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बार्शीच्या पोरांबरोबर पंगतीत जाऊन बसली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती राजीनामा घेऊन हत्तुरे सरांकडे गेली. सर चांगले होते, पण म्हणाले की वेबसाईटवर राजीनाम्याची सोयच नाहीये. माघारीची आहे. राजीनामा लेखी दिला तर पद रिकामं राहील आणि पुण्याची जागा दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. रेश्माला ती देता येईल का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, ज्या उमेदवारानं स्वेच्छेनं माघार घेतली तिचा विचार नियमात बसत नाही. सिद्धी घरी आली आणि माझ्याशी तिनं बोलणं बंद केलं. कामापुरतं बोलते. आंघोळीला पाणी काढलंय, चहा ठेवलाय, एवढं. तिची आई म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी आण्णांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "आण्णांना कोणी मुलगी नाही."

मी नुसता बसून राहिलो नाही. सयाजीरावांना फोन केला, म्हटलं झालं गेलं विसरा, रेश्माला परत पाठवा, हॉस्टेलचं मी बघतो, हवं तर आमच्याच घरी राहील, तिला पुढं शिकू द्या. सयाजीराव हसले. मला वाटलं रागावतील, पण ते मोकळे हसले.

"साहेब, तुमचं उपकार हायत. तुमी आलात, नारळ दिलात, गेलात. सगळ्या गावानं इचारायला सुरवात केली, सोलापूरचं मोडलं का? का न्हाय म्हनाले? काय खोट हाय पोरीत? मग म्या म्हनलं, आता थांबायचं न्हाय. मोडल्याची बोंब व्हायच्या आत कुटंतरी जमवाय पायजे. फलटणकडं पाव्हणे गाठले. मानसं बरी हायत. पंधरा दिसात साखरपुडा, मग लगीन."

"तिचं बी.कॉम.?"

"ती आता त्यांचं त्यांनी बगायचं. पोरगं गाडी चालवतंय, सवताची हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्याच पायगुणानं झालं म्हनायचं. लग्नाला आगत्यानं या. पैला मान तुमचा."

मी धावत आण्णांकडे गेलो. तुम्हीच हे लावलंत, तुम्हीच निस्तरा, असं बोललो, जरा मोठ्यानं बोललो. आण्णा त्यांच्या टाकीच्या झाकणाकडे बघत होते. त्या दिवशी त्यांचं बोलणं पहिल्यांदाच कारखान्यावर आलं नाही. "लगीन बी बिनविरोधच ठरलंय की साहेब," एवढंच म्हणाले. "आता कुनाकडं जाऊन माघार मागायची?" आणि आत निघून गेले. मायाक्का ओसरीवर बसून होती, तिनं पदर तोंडाला लावला.

लग्नाला मला जायचंच नव्हतं. पण सिद्धी जाणार होती आणि ती एकटी एसटीनं जाते म्हणाली, म्हणून मी निघालो. प्रवासात ती खिडकीकडे तोंड करून बसली. नातेपुत्यात उतरताच ती माझ्या पुढं चालत गेली आणि मांडवात शिरून थेट नवरीच्या खोलीत गेली. मला दिसलं ते एवढंच की दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. नुसत्या शेजारी बसल्या, आणि सिद्धीनं रेश्माच्या हिरव्या चुड्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मला मात्र मांडवात लपता येईना. सयाजीरावांनी शोधून काढलं आणि पुढच्या रांगेत, सोफ्यावर, नवऱ्याच्या मामाशेजारी बसवलं. अक्षता पडल्या. मग मानपान सुरू झाले. माईकवरचा माणूस घसा खाकरून एकेक नाव घेत होता आणि लोक मंचावर जाऊन टोपी-टॉवेल घेऊन येत होते. "आता ज्यांच्या पुढाकारानं हा शुभयोग जुळून आला," माईकवरचा म्हणाला, "ते सोलापूरचे घाडगे साहेब. त्यांना विनंती आहे की त्यांनी मंचावर यावं." टाळ्या वाजल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या. मी जागचा हललो नाही, तेव्हा दोघांनी मला हाताला धरून वर नेलं. माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. फोटोवाल्यानं मला नवरा-नवरीच्या मधोमध उभं केलं आणि हसा म्हणाला.

नवरदेव पाया पडला. मग रेश्मा वाकली. तिच्या मुंडावळ्या माझ्या बुटांना लागल्या. उठताना तिचं तोंड माझ्या कानाजवळ आलं, आणि भाषण पाठ केल्यासारख्या स्वच्छ आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं ती म्हणाली, "काका, मी निवडून आले असते."

माझा हात तिच्या डोक्यावर होता. काहीतरी बोलायला हवं होतं. सगळा मांडव बघत होता, फोटोवाला थांबला होता, खाली सिद्धी उभी होती. मला एकच वाक्य येत होतं, जे सगळेच म्हणतात.

"अखंड सौभाग्यवती भव," मी म्हणालो, आणि माईकवर पुढच्या पाहुण्याचं नाव घेतलं गेलं.